टाचणीबाईंची जोडी

बाईंना "टाचणीबाई" हे नाव मुलांनी ठेवलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. नाव पडलं ते त्यांच्याच तोंडच्या वाक्यावरून. फळ्यावर लिहिता लिहिता, मागे वळूनही न बघता त्या म्हणायच्या, "टाचणी पडली तरी मला ऐकू येते. गोळीचा कागद कोण सोडतंय, त्याने तो मुकाट्याने खिशात ठेवावा." आणि मागच्या बाकावर कुणीतरी खरोखरच कागद खिशात ठेवायचं. पुढे ती मुलं मोठी झाली, त्यांची मुलं त्याच शाळेत आली, आणि घरोघरी सांगणं सुरू झालं, "टाचणीबाईंचा वर्ग मिळाला ना? मग आता कुजबुज विसर बाबा." शाळेतले खेळाचे सर बाईंचेच विद्यार्थी. ताडमाड गडी, गळ्यात शिट्टी, पण बाई समोर आल्या की अजून शर्टाचं वरचं बटण लावायचे.

असं नाव एकदा पडलं की ते सांभाळावं लागतं. बाईंची पंचाईत तिथेच झाली होती, कारण बाईंना ऐकू येईनासं झालं होतं.

एका दिवसात नाही हो. आधी दाराची बेल गेली. मग फोन वाजलेला कळेना. ट्रकचा भोंगा कळायचा, सरांचा खर्ज कळायचा, पण बारीक आवाज कुठेतरी मधल्यामध्ये विरून जायचे. आणि पोरींचे आवाज तर सगळे बारीकच. घरी नवरा ओरडून बोलायला लागला होता. इतका, की शेजाऱ्यांना वाटायचं, या वयात यांचं रोज कशावरून वाजतं? त्याने डॉक्टरकडे नेऊन कानात घालायचं यंत्रही आणून दिलं. ते कपाटात पडून होतं.

"नाकावर चष्मा चालतो, मग कानात यंत्राने काय घोडं मारलंय?" तो विचारायचा.

"चष्मा लावलेली बाई हुशार दिसते. यंत्र लावलेली म्हातारी दिसते."

"अगं, म्हातारीच आहेस तू!"

हे मात्र बाईंना बरोब्बर ऐकू यायचं.

पण नुसतं दिसण्याचा प्रश्न नव्हता, भीती होती. चित्रकलेच्या मास्तरांचा हात थरथरायला लागला तेव्हा मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्यांना गोड बोलून सामानाच्या खोलीत बसवलं होतं. तिथे ते खडूंची खोकी लावत बसतात, आणि जाता-येता जो तो म्हणतो, "बिचारे." बाईंना त्या एका शब्दाची धडकी भरली होती. वर्ग काढून घेतला तर आपण कोण? घरी बसलेली कुणाची तरी बायको. त्यापेक्षा सोंग काढलेलं काय वाईट?

सोंग त्यांनी काढलंही झकास. तोंडांकडे बघायचं, ओठांवरून अंदाज घ्यायचा. "मोठ्याने बोल, शेवटच्या बाकाला कळलं पाहिजे," असं प्रत्येकाला बजावायचं. आणि काहीच कळलं नाही तर मान डोलवायची. मुलं विचारून विचारून काय विचारणार? पाणी पिऊ का, पेन्सिल घेऊ का, बाहेर जाऊ का. मान डोलवली की काम भागतं.

या सोंगाने सगळ्यात जास्त भरडली गेली ती मुंगी. वर्गानेच तिला मुंगी नाव दिलं होतं, कारण पोर एवढीशी, आणि आवाज त्याहून एवढासा. बाई प्रश्न विचारायच्या, मुंगी उभी राहायची, खालमानेने उत्तर द्यायची. उत्तर बरोबर असायचं. पण बाईंना ना आवाज यायचा, ना वाकवलेल्या चेहऱ्यावरचे ओठ दिसायचे. "काय गं, तोंडाला कुलूप लावलंय का? मोठ्याने!" मुंगी तेच पुन्हा सांगायची. "तोंडात मूग धरून बसलीस तर बस. राहा उभी." आणि मुंगी तास संपेपर्यंत उभी. वर्गाला सगळं ऐकू यायचं, पण टाचणीबाईंना ऐकू आलं नाही असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. सगळ्यांनी एकच अर्थ काढला, बाईंचा मुंगीवर राग आहे. मुंगीनेही तोच काढला.

तर अशा या बाई, आणि अशी ही मुंगी, वर्गाच्या सहलीला एका मठात गेल्या.

मठ कामकरी होता. म्हणजे तिथले बाबा नुसते डोळे मिटून बसणारे नव्हते. कुणी मेणबत्त्या ओतायचे, कुणी वह्या-पुस्तकं बांधायचे, कुणी साबण करायचे, आणि त्यावर मठाचा खर्च चालायचा. मुलांनी हातांची कामं बघावीत म्हणून शाळेने सहल काढली होती. पण मठाचा एक नियम होता. दुपारची घंटा होईपर्यंत आवारात कुणी बोलायचं नाही. पाहुण्यांनीसुद्धा नाही. थोरल्या बाबांनी फाटकाबाहेरच मुलांना हे समजावून सांगितलं आणि आतल्या खुणा शिकवल्या. उघडा पंजा म्हणजे थांबा. दोन बोटं पुढे म्हणजे चला. आणि तळहात छातीवर ठेवला म्हणजे सगळं ठीक, सगळे आहेत.

मुलांचे चेहरे पडले. सरांचाही पडला, कारण शिट्टी खिशात ठेवावी लागली. बाई मात्र आतून हरखल्या. आज कुणी काही विचारणार नाही. कुणाच्या तोंडाकडे डोळे ताणून बघत बसायला नको. सगळेच आपल्यासारखे! त्यांना वाटलं, हा मठ कुणी आपल्यासाठीच बांधलाय. जाता जाता त्यांनी मुलांना दमही भरला, "कुणी हूं की चूं केलं तर याद राखा. मला टाचणी पडलेली ऐकू येते."

सहलीत मुलं मोजायची बाईंची स्वतःची पद्धत होती. त्या डोकी मोजत नसत. धावत्या पोरांची डोकी कोण मोजणार? त्या जोड्या लावत. प्रत्येकाने आपल्या जोडीदाराला सांभाळायचं, आणि बाईंनी थांबवलं की जोडीने "आहे!" म्हणून ओरडायचं. आज ओरडणं बंद, म्हणून ठरलं की जोडीने हात धरून वर करायचे. वर्षानुवर्षं या पद्धतीने एक पोर हरवलं नव्हतं. त्या दिवशी मुंगीची जोडीदारीण तापाने घरी होती. मुंगी एकटी उरली. "तू माझी जोडी," बाई म्हणाल्या, आणि तिचा हात धरला. बसमध्येही तिला शेजारी बसवलं. मुंगी अख्ख्या वाटेत खिडकीला चिकटून बसली, जेवढं लांब बसता येईल तेवढं.

साबणाची खोली आवाराच्या टोकाला होती. आत अंधूक उजेड, गारवा, आणि भिंतीभर फळ्यांच्या मांडण्या. त्यावर साबणाच्या वड्या एकमेकींना न चिकटता मांडलेल्या. ओल्या वड्या तिथे कित्येक आठवडे वाळत पडायच्या, आणि रोज एकेक वडी हाताने उलटी करायची. दाराखाली वारा यावा म्हणून बोटभर फट ठेवलेली, आणि दार उघडं राहून कुत्री-मांजरं आत शिरू नयेत म्हणून बाहेरून आडवा अडसर. साबणवाले बाबा ठेंगणेसे, हात कोपरापर्यंत खरखरीत. त्यांनी खुणेनेच प्रत्येक मुलाला एकेक वडी उलटी करू दिली. मुंगीने टोपी काढून मांडणीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी वडी अशी उलटली, जणू झोपलेलं मांजर उचलतेय. बाबा हसले. बाईंनाही बरं वाटलं.

बाहेर पडताना उजेडाने सगळ्यांचे डोळे दिपले. थोडी रेटारेटी झाली. त्यात मुंगीने बाईंची बाही ओढली आणि वर बघून काहीतरी विचारलं, अगदी हळू, नियम होता ना. बाईंच्या डोळ्यांवर ऊन होतं, ओठ दिसले नाहीत. त्यांनी मान डोलवली. मुंगीने हात सोडला.

मग बाईंनी पंजा उघडून सगळ्यांना थांबवलं. जोड्यांचे हात वर गेले. बाईंची नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली. एकही जोडी तुटकी नव्हती. मागून साबणवाल्या बाबांनी छातीवर तळहात ठेवून भुवया उंचावल्या. सगळे आहेत? बाईंनी छातीवर तळहात ठेवला. सगळे आहेत. बाबांनी दार ओढलं, अडसर घातला आणि आपल्या कामाला निघून गेले.

आता तुम्ही म्हणाल, हातातली पोर हातात नाही हे या बाईला कळू नये? नाही कळलं. इतकी वर्षं त्या दुसऱ्यांच्या जोड्या मोजत आल्या होत्या. स्वतःची जोडी मोजायची असते, हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. सरांनी वरात मेणबत्त्यांकडे नेली. बाईंचे पाय दुखत होते. साबणाच्या खोलीच्या दाराला लागूनच एक बाक होता, त्यावर त्या टेकल्या. मी येते मागून, अशी त्यांनी खूण केली. पाठीला भिंत, समोर रिकामं आवार, आणि सगळीकडे शांतता. आपल्या कानातली शांतता आणि बाहेरची शांतता आज एकच आहे, असं त्यांना वाटलं. कित्येक महिन्यांत त्यांना इतकं सुख लागलं नव्हतं. त्या बराच वेळ तिथे बसल्या, मग उठल्या आणि सावकाश मेणबत्त्या बघायला गेल्या.

घंटा झाली. मुलांच्या तोंडांची धरणं फुटली. आरडाओरडा करत सगळे बसमध्ये चढले, जोड्या आपापल्या जागी बसल्या, सरांनी दणकून शिट्टी फुंकली. बाई शेवटी चढल्या. पुढच्या सीटवर आपली पर्स ठेवायला वाकल्या, आणि खिडकीजवळची जागा रिकामी होती.

"मुंगी," त्या म्हणाल्या. मग ओरडल्या, "मुंगी कुठाय?"

कसं कोण जाणे, पण त्यांना लगेच कळलं. मान डोलवली होती ती आठवली. त्या धावल्या. त्या वयाच्या बाईने धावावं तशा नाही, पदराचं-पर्सचं भान न ठेवता धावल्या. मागून सर. सरांनी लांब ढांगा टाकत गाठून अडसर उचलला.

मुंगी दाराशीच जमिनीवर बसली होती. गुडघे पोटाशी, हातात टोपी. रडत नव्हती. फ्रॉक मागून ओला झाला होता. ते लपवायला ती भिंतीला पाठ लावून उठली. तेवढ्यात साबणवाले बाबा धावत आले. त्यांनी काही न विचारता अंगावरची शाल काढून तिच्या कमरेभोवती गुंडाळली.

"अहो, दार लावताना आत बघायची रीत आहे की नाही?" सर त्यांच्यावर बरसले. "एवढीशी पोर! काही झालं असतं म्हणजे?"

बाबांनी तोंड उघडलं, बाईंकडे बघितलं आणि तोंड मिटलं. "चुकलं," ते एवढंच म्हणाले. "बघायला हवं होतं."

"चुकलं म्हणे! थोरल्या बाबांना सांगतो मी. अशा माणसाकडे मुलं सोपवायची?" सर मग मुंगीकडे वळले. "आणि तू गं? हाक नाही मारायची? बाई इथे, या इथे बाकावर बसल्या होत्या."

मुंगी खालमानेने काहीतरी बोलली.

"हाक मारली?" सर म्हणाले. "मुंगे, घाबरलीस ते ठीक आहे, पण खोटं नाही बोलायचं. टाचणीबाई आहेत या! तुझ्याएवढा असताना मी यांच्या वर्गात बाकाखाली कागद दुमडला होता, तो यांना ऐकू आला होता. तू हाक मारलीस आणि यांना ऐकू आली नाही, असं होईल का? खरं सांग. मारलीस हाक?"

मुंगीने मान वर केली. तिने सरांकडे बघितलं नाही, बाईंकडे बघितलं. लख्ख उजेड होता, तिचे ओठ स्वच्छ दिसत होते.

"नाही मारली," ती म्हणाली.

"बघा!" सर म्हणाले.

आणि एक क्षण, खोटं कशाला बोला, बाईंना सुटल्यासारखं वाटलं. झालं, मिटलं. बाबांनी चूक कबूल केली, पोरीने हाक मारली नव्हती, आपण नामानिराळ्या. वर्ग वाचला. एकच क्षण, पण तो आला खरा. मग त्यांना स्वतःचीच किळस आली.

"तिने मारली असणार," बाई म्हणाल्या. "मला ऐकू येत नाही."

सर हसले. "काहीतरीच काय बाई."

"काहीतरीच नाही. बारीक आवाज मला येतच नाहीत. दोन-तीन वर्षं झाली. तुम्ही घसा फाडून बोलता म्हणून तुमचं कळतं. हिचा आवाज मी वर्षभरात एकदाही ऐकलेला नाही. आणि यांना कशाला बोलताय? यांनी मला विचारलं होतं, सगळे आहेत का. मी आहेत म्हणून सांगितलं."

सरांना कुठे बघावं ते कळेना. बाबा जमिनीकडे बघत होते. बाई गुडघे टेकून मुंगीसमोर बसल्या.

"बाहेर पडताना तू मला काय विचारलंस गं? माझ्याकडे बघून सांग. मला ओठ दिसू देत."

मुंगीने हळूहळू, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "टोपी राहिली, आणू का, असं विचारलं. तुम्ही हो म्हणालात."

"हो. म्हणाले मी. आणि मग हाक मारलीस?"

मान हलली.

"खूप?"

"नाही. नंतर थांबले."

"का थांबलीस, बाळा? मारत राहायचं ना!"

मुंगी शालीचं टोक चिमटीत धरून चुरगाळत राहिली. मग बोलली, आणि बाईंना वाटलं, हे ओठ वाचता आले नसते तर बरं झालं असतं.

"दाराखालून तुमच्या चपला दिसत होत्या," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही मुद्दाम उघडत नाही."

बाई रडल्या. सरांसमोर, बाबांसमोर, पोरीसमोर, तोंडावर हात न घेता रडल्या. "नाही गं बाळा, नाही," एवढंच म्हणत राहिल्या. मुंगी बघत उभी राहिली. तिने आजवर कुणा मोठ्या माणसाला आपल्यासाठी रडताना बघितलं नव्हतं, आणि अशा वेळी काय करायचं असतं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. बाईंनी उठून हात पुढे केला. मुंगीने तो बघितला, पण धरला नाही. ती जाऊन सरांच्या बाजूला उभी राहिली आणि त्यांचं बोट धरलं.

बसमध्ये सरांनी तिला आपल्याजवळ, मागच्या सीटवर बसवलं. ड्रायव्हरने बस काढली. मुलांना काय झालंय ते नीट कळलं नव्हतं, पण काहीतरी झालंय एवढं कळलं होतं. त्यामुळे सगळी बस मान ताठ करून, कान टवकारून बसली होती. बाई पुढे एकट्या.

बरंच अंतर गेल्यावर सर मागून उठून आले. बाईंच्या सीटच्या पाठीला धरून वाकले. त्यांचे डोळे लाल होते. भला माणूस. त्यांनी मुलांकडे चोरून बघितलं आणि बाईंच्या कानाशी लागून काहीतरी कुजबुजले.

काय, ते बाईंना अर्थातच ऐकू आलं नाही. पण चेहऱ्यावरून कळलं. शाळेत सांगायला नको, असंच काहीतरी असणार. आपण दोघंच. पोर लहान आहे, विसरेल. मी नाही बोलणार. असं आपल्या माणसाने आपल्यासाठी म्हणावं, आणि आपण ते मान डोलवून घ्यावं, हे किती सोपं होतं! मान हलायला आलीच होती. बाईंनी ती आवरली, सीटवरून वळल्या आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सर, मला ऐकू येत नाही. मोठ्याने सांगा."

सरांनी मागे बघितलं. सगळी पोरं त्यांच्याकडे बघत होती, मुंगीसुद्धा.

"काही नाही, बाई," सर म्हणाले.

"काय?"

"काही नाही!" सर ओरडले, आणि आपल्या जागेवर जाऊन बसले.